१७ नंबरचा उंदीर

गणपतीत घसा बसेपर्यंत "उंदीरमामा की जय" ओरडणारे आपण! पण टेबलावरच्या उंदराशी आपलं वागणं काही फारसं भक्तिभावाचं नसतं. चालतोय तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद पडला की आधी तो टेबलावर दोनदा आपटायचा, मग वायर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, मग पुन्हा आपटायचा. तरी नाहीच चालला तर? तर काय करायचं हे आपल्या कॉलेजात प्रत्येकाला पाठ आहे. हळूच इकडेतिकडे बघायचं, शेजारचं मशीन रिकामं असेल तर त्याचा माउस आपल्याला लावायचा आणि आपला त्याला. झालं काम!

मीही तेच केलं. आज जे सांगायचंय ते त्यावरूनच.

गेल्या सेमिस्टरला एका दुपारी आमचं प्रॅक्टिकल होतं. मी १६ नंबरच्या मशीनवर. माउस चालत होता, पण विचित्र. एकदा क्लिक केलं की दोनदा लागायचं. फोल्डर निवडायला जावं तर ते उघडून बसायचं. फाईल ओढायला घ्यावी तर मधेच हातातून सुटायची. दहा मिनिटं शिव्या घातल्या. १७ नंबरवाला त्या दिवशी दांडी मारून रूमवर झोपला होता. मी दोन्ही माउसची अदलाबदल केली, प्रोग्रॅम रन करून दाखवला, सही घेतली आणि चहाला गेलो.

आमच्यानंतर त्याच लॅबमध्ये एफईची ऑनलाइन टेस्ट होती. ३० प्रश्न, मागे जायची सोय बंद. रात्री मेसमध्ये आमच्याच विंगमधला एफईचा एक मुलगा ताट पुढ्यात घेऊन नुसता बसला होता. विचारलं तर म्हणाला, "दादा, माझे प्रश्नच गेले. 'पुढे'वर एकदा दाबलं की मधला एक प्रश्न गायब. ३० पैकी १९च दिसले. मला वाटलं माझंच बोट जड पडतंय."

"मग मॅडमना सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांचं नीट चाललं होतं ना... आणि मी गावाकडं सगळं मोबाइलवरच केलंय. माउस धरायची सवय नाही. म्हटलं, आपल्यालाच येत नसणार."

मी विचारलं, "कुठल्या नंबरला बसला होतास?" उत्तर मला आधीच माहीत होतं.

मित्रांनो, मला इथे रडगाणं गायचं नाही. मॅडमकडे जायला मला चार दिवस लागले, हेही लपवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, त्या मुलाची टेस्ट पुन्हा घेतली आणि मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रश्न वेगळाच आहे. मी ई अँड टीसीचा, टीईचा विद्यार्थी. त्याच वर्षी मायक्रोकंट्रोलरच्या जर्नलमध्ये 'स्विच बाउन्स' म्हणजे काय आणि 'डिबाउन्सिंग' कसं करतात हे सुबक आकृतीसकट लिहून मी १० पैकी ९ मार्क घेतले होते. (आकृती सीनियरच्या फाईलवरून उतरवली होती, पण सुबक होती!) आणि तोच बाउन्स माझ्या बोटाखाली तासभर थयथयाट करत होता, तर मला ओळखता आला नाही. मला फक्त एवढंच कळलं की हा माउस 'गंडलाय'.

'गंडलाय' हा आपल्याकडचा सर्वात मोठा रोग. नेट गंडलंय, प्रिंटर गंडलाय, गीझर गंडलाय. पण नक्की काय झालंय? कधीपासून? नेहमी होतं की अधूनमधून? हे विचारायच्या आत आपण उपाय सुरू करतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! माउस चालेना म्हणून विंडोज नव्याने टाकणारे महाभाग मी हॉस्टेलवर स्वतः पाहिले आहेत. आणि शेवटी कळलं काय, तर खालचं ऑन-ऑफचं बटण बंद होतं. डोंगर पोखरून खरोखरच उंदीर निघाला.

खरं म्हणजे माउससारखा गरीब रोगी दुसरा नाही. नाडी बघायला सोपा, आणि आपल्याकडून मेला तरी फार नुकसान नाही. त्या प्रसंगानंतर मी महिनाभर हॉस्टेलवरचे बंद माउस गोळा करून उघडत बसलो. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. उपयोग होईल.

पहिली परीक्षा अदलाबदलीचीच. संशयित माउस दुसऱ्या मशीनला लावा आणि चांगला माउस या मशीनला. बिघाड माउसबरोबर गेला तर दोष माउसचा. इथेच राहिला तर दोष पोर्टचा, ड्रायव्हरचा नाहीतर सेटिंगचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर माउस चालू होईलही, पण का चालू झाला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पाचही कराव्या लागतील. गंमत बघा, मी लॅबमध्ये केलं ते अगदी बरोबर होतं! बिघाड १६ वरून १७ वर गेला, म्हणजे निदान पक्कं झालं होतं. फक्त मी निदानालाच उपचार समजून चहाला गेलो.

दोष मशीनकडे निघाला तर आधी दुसरं यूएसबी पोर्ट बघा. समोरची पोर्टं आतल्या एका वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात, ती वायर ढिली असते. मागची पोर्टं मदरबोर्डवरच बसवलेली, म्हणून जास्त भरवशाची. जुन्या मशीनला गोल, हिरवं पीएस/२ पोर्ट असेल तर तिथे माउस चालू मशीनवर जोडू नका. मशीन बंद करा, जोडा, मग सुरू करा. आणि एका क्लिकला फोल्डर उघडतंय म्हणून लगेच माउसला दोष देऊ नका. एका क्लिकवर उघडायचं सेटिंगही विंडोजमध्ये आहे, कुणीतरी मस्तीत ते करून ठेवलेलं असतं.

माउस मेलेलाच असला तरी हात बांधले जात नाहीत. टॅब, बाण आणि एंटर यांनी बहुतेक कामं होतात. डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबलं की विंडोज विचारतं, 'माउस की' चालू करू का? हो म्हटलं की उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. ऐन परीक्षेत हे माहीत असणं म्हणजे खिशात जास्तीचं पेन असणं.

दोष माउसचा निघाला तर तो उलटा करा. लाल दिवा लागतोय? मग निदान वीज तरी पोचतेय. दिवा दिसत नाही म्हणजे मेलाच असंही नाही, कारण काही माउसमध्ये डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड एलईडी असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर तो कधीकधी दिसतो. दिवा लागतोय पण बाण उड्या मारतोय? मग भिंगाच्या भोकात बघा. एखादा केस अडकलेला असतो. ऑप्टिकल माउस म्हणजे पोटाखाली कॅमेरा घेऊन धावणारा प्राणी. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ऑप्टिकल माउसचा सेन्सर सेकंदाला १५०० फोटो काढायचा. एका फोटोतले खडबडीत ठिपके पुढच्या फोटोत किती सरकले यावरून माउस किती हलला ते ठरतं. म्हणूनच काचेवर किंवा गुळगुळीत सनमायकावर तो आंधळा होतो. काचेवर ओळखायला खूणच नसते. खाली कालचा पेपर टाका, बघा कसा पळतो!

वायर हलवली की दिवा लुकलुकतोय? मग वायर आतून तुटलीय, आणि ती बहुतेक वेळा माउसच्या नाकाशीच तुटते, कारण रोजचं वाकणं तिथेच होतं. आत चार तारा असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. स्वस्तातल्या माउसमध्ये रंग बदललेले असू शकतात म्हणून मल्टिमीटर लावूनच खात्री करायची. तुटका तुकडा कापून टाकून चारही तारा पुन्हा जोडल्या की काम झालं. आपण पहिल्या वर्षी शिकतो ती कंटिन्युइटी टेस्ट, दुसरं काही नाही.

वायरलेस असेल तर आधी सेल, मग सेलच्या पत्र्यावरचा गंज. तो खोडरबरानेही निघतो. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. माउसचा तो नखाएवढा डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि शेजारी यूएसबी ३.० ची हार्डडिस्क चालू असली तर तिचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लेखच काढला होता. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब नेला की बरेचदा 'बिघडलेला' माउस शहाणा होतो.

आणि आता आमचा १७ नंबर. डाव्या बटणाखाली तीन पायांचा चिमुकला मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची एक नाजूक पट्टी. बटण दाबलं की ती संपर्कावर आपटते आणि काही मिलिसेकंद थरथरते. माउसमधली चिप ही थरथर मोजायची नाही असं ठरवून थोडं थांबते. हेच ते डिबाउन्सिंग. लाखो क्लिकनंतर पट्टीचा ताण उतरतो, संपर्कावर काळा थर चढतो, थरथर चिपच्या थांबण्यापेक्षा लांबते, आणि एका क्लिकचे दोन होतात. खात्री करायची तर एखादं वाक्य माउसने दाबून सिलेक्ट करत न्या. बोट उचललेलं नसताना सिलेक्शन मधेच तुटलं, तर स्विच गेला समजा.

मामांना विचारून तो माउस मी रूमवर आणला. उघडायलाच पाऊण तास गेला, कारण स्क्रू खालच्या स्टिकरखाली लपलेला! एका मेलेल्या माउसमधून उजव्या बटणाचा स्विच काढला. त्याला तुलनेने कमी काम असतं, म्हणून तो ताजा असतो. पहिल्या खेपेला सोल्डरिंगच्या नादात बोर्डवरचं तांबं उखडलं, तिथे वायरचा तुकडा जोडून वेळ मारून नेली. रात्री दीड वाजता तो एका क्लिकला एकदाच वाजला. आजवरच्या कुठल्याही सबमिशनला असा आनंद झाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कशाला हा उपद्व्याप? दोन-अडीचशे रुपयांत नवा माउस येतो. माझा रूमपार्टनर तर हिशोबच मांडतो. तुझे चार तास, दीड वाजेपर्यंतची लाइट, चटका बसलेलं बोट... तोट्यात गेलास! त्याचं म्हणणं खोटं नाही. उद्या कंपनीत कुणी मला पगार देऊन असले माउस दुरुस्त करायला बसवलं, तर ती कंपनी बुडेल. सेन्सरचीच चिप गेली असेल तर मीही म्हणेन की सोडून द्या, स्विच आणि वायर काढून ठेवा आणि बाकीचा ई-कचऱ्यात द्या.

पण आपण कंपनीत नाही, कॉलेजात आहोत. इथे माउस हा माल नाहीच, ते चार तासच माल आहेत. अडीचशे रुपयांच्या वस्तूवर हात बसवला नाही, तर उद्या अडीच लाखांच्या मशीनला हात लावायचं धाडस कुठून येणार? डॉक्टर मंडळी तरी शिकताना शवविच्छेदन करतात. आपल्यातले कितीतरी जण एकही वस्तू न उघडता इंजिनिअर होऊन बाहेर पडतात.

यात दोष फक्त मुलांचाही नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ठळक अक्षरांत पाटी असते, 'विद्यार्थ्यांनी उपकरणांना हात लावू नये.' मग कुणी लावायचा? मामा बिचारे डेड स्टॉक रजिस्टरला भितात. एक माउस कमी भरला तर ऑडिटला उत्तर त्यांना द्यावं लागतं. त्यामुळे बंद पडलेले माउस कपाटात साठत जातात. ते दुरुस्तही होत नाहीत आणि मोडीतही निघत नाहीत. आणि बिघाड सांगणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न येतो, "तू काय केलंस?" असं विचारल्यावर कोण सांगणार? त्यापेक्षा शेजाऱ्याच्या टेबलावर ढकललेलं बरं!

आमचे एक सर त्यांच्या वेळच्या बॉल-माउसच्या गोष्टी सांगतात. खालची चकती फिरवली की रबरी गोळी हातात यायची. आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडला की माउस पुन्हा धावायचा. पोरं त्या गोळ्या ढापायची, हा भाग वेगळा! पण माउस उघडायचा असतो हे प्रत्येकाला माहीत होतं, कारण तो उघडण्यासाठीच बनवलेला होता. त्याही आधी, १९६४ साली, डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने पहिला माउस बनवला, तो तर लाकडी खोका होता. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जगापुढे आला. उलटा केला की सगळं तत्त्व डोळ्यांनी दिसत होतं. आता स्क्रू स्टिकरखाली गेला, आणि स्टिकर फाडायचा नाही असं आपण आपलं आपणच ठरवून टाकलं.

बाहेर वारं बदलतंय. केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी त्याचं पोर्टलही सुरू केलं. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळेलही. पण दुरुस्ती येतच नसेल तर त्या हक्काचं करायचं काय? लोणचं? पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डिग्री नसलेली पोरं डोळ्यांदेखत बोर्ड दुरुस्त करून देतात, आणि आपण डिग्रीवाले समोर उभं राहून "भाऊ, किती होतील?" विचारतो.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. पहिलं, प्रत्येक मशीनजवळ कोऱ्या चिठ्ठ्या असाव्यात. बिघाड दिसला की तारीख आणि लक्षण लिहून चिकटवायचं. 'गंडलाय' लिहायचं नाही, 'एका क्लिकला दोनदा लागतो' असं लिहायचं. नाव लिहायची सक्ती नको. दुसरं, मोडीत काढलेले माउस वर्कशॉपला द्यावेत आणि एफईच्या प्रत्येक मुलाने एक तरी उघडून बघावा. जमला तर जमला, नाही जमला तरी बिघडत नाही, तो मोडीतलाच आहे. तिसरं, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक डबा हवा. त्यात स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. टीव्हीच्या रिमोटसाठी आपण वर्गणी काढतो, यासाठी का नको?

खंडेनवमीला आपण वर्कशॉपमधल्या लेथला झेंडूची माळ घालतो, पान्यांना हळदकुंकू लावतो, कॉम्प्युटर लॅबमध्ये मॉनिटरला गंध लावतो. हत्यारांची पूजा ही चांगलीच प्रथा आहे. पण वर्षभर ज्याला हात लावला नाही त्याची पूजा कसली?

तो माउस आता पुन्हा १७ नंबरला आहे. परवा एफईचा तो मुलगा जिन्यात भेटला. म्हणाला, "दादा, २२ नंबरचा माउस अडकतोय. मी चिठ्ठी लावलीय. उघडून बघू का?"

मी म्हटलं, "आधी मामांना विचार. आणि स्क्रू स्टिकरखाली असतो."

बघा, पटतंय का!

— टीई, ई अँड टीसी